हिंगोलीची वेधशाळा आणि सुधारणेचे गणित

विज्ञानाचे एखादे मोठे यंत्र उभे राहिले की काम पूर्ण झाले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात अशा यंत्राचे निम्मे आयुष्य सुधारणांत जाते. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली.

दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत अखेर विलीन होतात, तेव्हा अवकाशातच तरंग उठतात. ते टिपण्यासाठी काटकोनात असलेल्या चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांतून लेसरचा झोत सोडला जातो. टोकांच्या आरशांवरून परतलेले झोत एकत्र आणले, की भुजांच्या लांबीतील फरक कळतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असू शकतो. त्यामुळे आरसा, त्याची टांगणी, लेसर आणि जमीन या सर्वांची कसोटी लागते.

अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील वेधशाळांनी २००२ ते २०१० या काळात निरीक्षणे केली. हाती एकही लहर लागली नाही. त्यानंतर यंत्रे जवळजवळ नव्याने घडवली गेली. सुमारे ११ किलोच्या आरशांजागी ४० किलोचे आरसे आले, पोलादी तारांऐवजी ते काचेच्या बारीक तंतूंनी टांगले गेले. निरीक्षणांचे नवे सत्र अधिकृतपणे सुरू होण्याआधीच, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, पहिली लहर नोंदली गेली.

यामागचे गणित सोपे आहे. यंत्राचा पल्ला दुप्पट झाला, तर त्याच्या टप्प्यात येणारे विश्वाचे आकारमान आठपट होते. पहिल्या दोन सत्रांत मिळून ११ घटना सापडल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या सत्रात प्रकाशाची पुंजीय अनिश्चितता आटोक्यात ठेवणारे तंत्र वापरले गेले, इतर सुधारणाही झाल्या. त्या एका सत्राने आणखी ७९ घटनांची भर घातली.

मात्र वेधशाळेचा उपयोग करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाला केवळ पल्ला पुरत नाही. यंत्र दिवसाचे किती तास चालते आणि लहर कोठून आली हे ते किती नेमके सांगते, हेही त्याला तितकेच महत्त्वाचे असते. लिव्हिंग्स्टनच्या परिसरात जंगलतोड आणि रेल्वेमुळे जमीन इतकी थरथरे, की दिवसा यंत्र स्थिर ठेवणेच कठीण होई. अखेर २००४ मध्ये कंपने मोजून त्यांच्या विरुद्ध सरकणारे द्रवचलित आधार बसवावे लागले. त्यानंतरच दिवसाचे तास उपयोगी पडू लागले.

दिशेचा प्रश्न एकट्या यंत्राने सुटत नाही. १४ ऑगस्ट २०१७ ची लहर अमेरिकेतील दोन यंत्रांच्या नोंदींवरून आकाशाच्या १,१६० चौरस अंश भागात कोठेतरी उगम पावली, एवढेच सांगता येत होते. इटलीतील 'व्हर्गो'ची नोंद जोडताच तो भाग ६० चौरस अंशांवर आला. तीनच दिवसांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली गेली, तेव्हा काही तासांतच दुर्बिणींनी तिचा प्रकाश १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत शोधून काढला. हिंगोलीचे यंत्र या जाळ्यापासून दूर, पृथ्वीच्या वेगळ्याच भागी असल्याने दिशेचा अंदाज आणखी नेमका करील.

या यंत्राचे मुख्य भाग मुळात हॅनफर्ड येथील दुसऱ्या यंत्रासाठी योजलेले होते. ते इथे सुधारित स्वरूपात बसवायचे आहेत. निर्वात नळ्या आणि इमारती भारताच्या वाट्याला आल्या आहेत. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, पुण्याची 'आयुका' आणि इंदूरचे राजा रामण्णा केंद्र यांच्यावर वैज्ञानिक व तांत्रिक भार आहे. इंदूरला 'इंडस' या कणत्वरकांमुळे अतिनिर्वात यंत्रणा चालवण्याचा अनुभव आहेच. लहरींची ओळख पटवण्याच्या गणितात 'आयुका'चे संजीव धुरंधर यांनी तर कित्येक वर्षे आधी मोलाची भर घातली होती.

उरते ती जमीन. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसराला साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा अनेकांना वेधशाळेची काळजी वाटली. असा धक्का निरीक्षण तेवढ्यापुरते थांबवतो; रोजची अवजड वाहतूक, खाणकाम आणि यंत्रांची घरघर मात्र दररोज तास खाते. म्हणून औंढ्याच्या परिसरात पुढे कोणते रस्ते आणि कोणते उद्योग येतात, हाही या प्रकल्पाचाच प्रश्न आहे. ही शांतता राखण्याचा भार गावकऱ्यांवर पडणार असेल, तर त्यांनाही प्रकल्पाच्या लाभात वाटा हवा. लायगोच्या नोंदी ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुल्या होतात. त्या वाचू शकणारे विद्यार्थी हिंगोली-नांदेडच्या महाविद्यालयांतून तयार होऊ लागले, तर वेधशाळेचे उपयोगकर्ते तिच्या कुंपणालगतच सापडतील. त्यासाठी नळ्या जोडून होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.