तारबाबूचा चौथा नियम

झाशीच्या मानिक चौकाचे नाव काढले की मराठी मनाला जवळचा राणीमहाल आणि नेवाळकरांचा दरबार आठवावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच शहराची एक साधी, कचेरीतली आठवणही आहे. नोकरीत राहून माणसाने स्वतःला कसे वाढवावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला ती अधिक उपयोगी वाटते.

पुढे हिंदी गद्याला शिस्त लावणारे महावीरप्रसाद द्विवेदी (१८६४–१९३८) झाशीला रेल्वेच्या नोकरीत होते. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले, आणि अजमेरची पहिली नोकरी दरमहा १५ रुपयांची. मुंबईत तारेचे काम शिकून ते रेल्वेत तारबाबू झाले. त्यांनी स्वतःस चार नियम घालून घेतले होते: वेळ पाळणे, लाच न घेणे, काम प्रामाणिकपणे करणे आणि ज्ञान वाढवीत राहणे. पहिले तीन सोपे, चौथा कठीण, असे ते सांगत. कचेऱ्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास पहिले तीनही तितके सोपे वाटणार नाहीत, ही गोष्ट निराळी!

चौथ्या नियमाचा त्यांनी लावलेला अर्थ मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. तारबाबू असताना ते तिकिटबाबूचे, मालबाबूचे, स्टेशनमास्तरचे, इतकेच नव्हे तर रूळांची देखरेख करणाराचेही काम शिकले. हा केवळ हौसेचा भाग नव्हे. पुढच्या स्टेशनाकडून मार्ग मोकळा असल्याचा संदेश आल्यावाचून गाडी सोडता येत नसे. तो संदेश घेणाऱ्यास तारेची कटकट नुसती ऐकू आली तर तो यंत्राचाच एक भाग. त्या संदेशावर किती जीव अवलंबून आहेत हे ज्याला कळते, तो जबाबदार अधिकारी. शेजारच्या मेजावरचे काम कळले की आपल्या मेजावरचा कागद कोठून आला आणि कोणासाठी अडला आहे, हे कळते. बढतीसाठी अर्ज करण्याची वेळ द्विवेदींवर क्वचितच आली, याचे रहस्य मला येथे दिसते. कामाबाहेरच्या वेळात संस्कृत, मराठी, गुजराती, बंगाली या भाषांचा व्यासंग चालू होता, तो वेगळाच.

अशा माणसाकडे काम आपोआप वाहत येते, आणि धोकाही तेथेच असतो. झाशीच्या कचेरीत मुख्य कारकून असताना साहेबांच्या नावे येणाऱ्या तारांना रात्री उत्तरे देण्याचे कामही त्यांच्यावर पडले. ते त्यांनी केले. पुढे इतरांनाही सकाळी आठ वाजता हजर करण्याचा हुकूम झाला, तेव्हा ते म्हणाले, मी येईन, पण दुसऱ्यांना या म्हणून सांगणार नाही. स्वतः सोसलेला भार हाताखालच्यांवर लादण्याचा अधिकार आपणास आहे, असे त्यांनी मानले नाही. कष्टाळू वरिष्ठांपैकी कितीजण हा भेद ओळखतात?

प्रकरण वाढले आणि १९०४ साली त्यांनी राजीनामा दिला. तो परत घ्यावा काय, असे त्यांनी पत्नीस विचारले. टाकलेले पुन्हा उचलायचे नाही, असाच तिच्या उत्तराचा आशय होता. रेल्वेत त्यांना दीडशेहून अधिक रुपये मिळत. अलाहाबादच्या इंडियन प्रेसचे ‘सरस्वती’ मासिक ते १९०३ पासूनच संपादित करीत होते. त्याचे वीस रुपये आणि टपालखर्चाचे तीन, एवढ्यावर संसार आला. ते काम त्यांनी १९२० पर्यंत केले.