गिटारवाल्याची सतार



आपल्या वाशी-कळंबच्या बाजूला भजनात बसलेला पोरगा उठताना मृदंगाला वळसा घालून जातो. वाद्य ओलांडायचे नसते, हे त्याला कोणी धडा म्हणून शिकविलेले नसते. येरमाळ्याच्या येडेश्वरीपुढे गाणारी आराधी मंडळी तुणतुण्याला हात लावतात तो नमस्कार करूनच. हीच गोष्ट इंग्लंडातल्या एका जगप्रसिद्ध वादकाला तेविसाव्या वर्षी पायावर फटका खाऊन शिकावी लागली. त्याचे नाव जॉर्ज हॅरिसन.

लिव्हरपूल बंदरात २५ फेब्रुवारी १९४३ रोजी त्याचा जन्म झाला. बाप बसगाडीवर कंडक्टर, पुढे ड्रायव्हर. घर इतके आखूड की शौचकूप मागच्या अंगणात. पोराचे अभ्यासात लक्ष नव्हते. वीजकामाची उमेदवारी थोडे दिवस केली, तीही सुटली. गिटार मात्र सुटली नाही. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, रिंगो स्टार आणि हा, असा चौघांचा ‘बीटल्स’ हा ताफा १९६४ पर्यंत अमेरिकेतही गाजला. त्यांच्या गाण्याला रॉक म्हणतात. विजेवर वाजणाऱ्या गिटारी, जोरकस ढोल आणि नाचायला लावणारा ठेका, असा तो मामला.

पैसा आला, कीर्ती आली. पण श्रोते इतके किंचाळत की वाजविणाऱ्यांना स्वतःचेच वाजविणे ऐकू येईना! १९६६ च्या ऑगस्टनंतर त्यांनी दौरे थांबविले. सगळे मिळाले, आता पुढे काय, हा प्रश्न जॉर्जला तेव्हा गाठून होता.

एका चित्रपटाच्या वेळी त्याने सतार पाहिली होती आणि १९६५ च्या एका गाण्यात ती आपल्या परीने छेडलीही होती. पुढच्या वर्षी लंडनमध्ये पंडित रविशंकर भेटले. हे तेच रविशंकर, जे पूर्वी दिल्ली आकाशवाणीवर संगीत-दिग्दर्शक होते. शिकवणी सुरू झाली. मध्येच टेलिफोन वाजला, जॉर्ज उठला आणि सतारीवरून पाय टाकून निघाला. पंडितजींनी तिथल्या तिथे पायावर फटका मारला. आधी वाद्याचा मान राखायला शीक, मग सूर! शिष्याने ही हकीकत पुढे स्वतःच सांगितली आहे.

त्याच सप्टेंबरात तो मुंबईस आला. ताजमहाल हॉटेलात खोटे नाव लावले, तरी बातमी फुटलीच. खाली गर्दी जमली. अखेर गुरुशिष्य काश्मीरला गेले. मांडी घालून तासन् तास बसायची सवय नाही, पाय दुखत; म्हणून योगासनेही शिकणे आले. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा मुंबईला आला आणि एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन एका चित्रपटाचे संगीत त्याने ध्वनिमुद्रित केले. शिवकुमार शर्मांचे संतूर त्यात आहे.

गंमत अशी की सतारिया तो झाला नाही. लहानपणापासून रियाज करणारांच्या पंक्तीला आपण बसणार नाही, हे त्याला उमगले आणि तो गिटारीकडे परतला. मला वाटते, ही समज येणे हाच त्या शिकवणीचा मोठा लाभ. जप, ध्यान, कृष्णभक्ती मात्र आयुष्यभर राहिली.

१९७१ साली पूर्व बंगालातून लाखो निर्वासित आपल्याकडे येत होते. पंडितजींचे मूळ घराणे बंगालचे. त्यांनी शिष्याकडे शब्द टाकला. थोड्याच आठवड्यांत, १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कमध्ये दोन जलसे झाले, सुमारे चाळीस हजार लोक आले. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. ध्वनिमुद्रिकांचा पैसा मात्र करांच्या भांडणात वर्षानुवर्षे अडकला. नामवंत कलावंतांनी एकत्र येऊन मदतीसाठी मोठे जलसे करण्याची जी प्रथा पुढे पडली, तिची वाट इथूनच निघाली.

उतारवयात तो बागेत रमला. १९७० साली घेतलेल्या जुन्या वाड्याची रानटलेली बाग त्याने भावांना हाताशी धरून हिरवी केली. १९८० चे आत्मकथन त्याने अर्पण केले ते जगातल्या बागकाम करणाऱ्यांना.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने तो गेला. वर्षाने, त्याच तारखेला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी जलसा केला. त्यासाठी बयाऐंशी वर्षांच्या पंडितजींनी नवी रचना बांधली होती. तिचे नाव ‘अर्पण’.