विहारातला संगणक भंगारात जाता जाता वाचला

कर्जत म्हटले की पुष्कळांना मुंबईच्या लोकलचे, रायगड जिल्ह्यातले कर्जत आठवते. आमचे कर्जत ते नव्हे. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातले, अवर्षणाचे. इथल्या माणसाला पाणी आणि पैसा दोन्ही जपून वापरण्याची सवय आहे. त्या सवयीमुळेच आमच्या वस्तीतल्या विहाराचा संगणक वाचला. ती हकिकत समाजबांधवांच्या आणि भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

हा संगणक २०१३ सालचा. नोकरदार बांधवांनी वर्गणी काढून तो विहाराला घेतला होता. वस्तीतली मुले त्यावर टायपिंग शिकली, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे आणि स्वाधार योजनेचे अर्ज त्यावर भरले गेले. पण पुढे पुढे तो इतका मंद झाला की बटण दाबून माणसाने चहा पिऊन यावे, तरी पडदा तयार नसे.

एकदा बारावी झालेली एक मुलगी अर्ज भरायला बसली. मोबाईलवर ओटीपी आला, पण संगणकावर पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा आला, तोही बाद झाला. तिसऱ्या वेळी यंत्रच गोठले. रात्रीचे नऊ वाजले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील हजेरी बुडवून तिला बाजारातल्या दुकानात घेऊन गेले. अर्ज भरला गेला, पण घरातला एक दिवसाचा रोज गेला आणि वर दुकानाचे पैसे गेले. ज्या कामासाठी विहारात संगणक ठेवला, तेच काम त्याच्याने होईना.

बैठक भरली. एका दुकानदाराने आधीच सांगून ठेवले होते, "हा भंगारात द्या, नवीन घ्या." जयंतीची वर्गणी त्यात घालावी, असे काहींचे मत पडले. तेव्हा महिला मंडळाच्या आक्का म्हणाल्या, "भाऊ, दुकानदार सांगतो म्हणून टाकायचं? आधी त्याला झालंय काय ते तरी बघा."

आक्कांचे म्हणणे धम्माला धरूनच होते. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. विनयपिटकात आनंद आणि उदेन राजा यांचाही प्रसंग आहे. इतकी चीवरे मिळाली, मग जुन्यांचे काय करता, असे राजाने विचारले. आनंदांनी सांगितले की जुन्या चीवरांची आंथरुणावरची आच्छादने होतात, ती विरली की जमिनीवरचे आंथरण, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी ती कुटून मातीत कालवून लिंपणाला वापरतात. वस्तू टाकण्यापूर्वी तिचा कस पुरता घ्यावा, ही आपली परंपराच आहे.

मग आम्ही पारखायला बसलो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की संगणकाच्या कोणत्या भागावर किती भार आहे ते दिसते. प्रोसेसर निवांत होता, पण 'डिस्क' या रकान्यात सतत १०० टक्के दिसत होते. दुखणे तिथे होते.

दुखणे नेमके काय?

मी कारकून माणूस, म्हणून कचेरीचाच दाखला देतो. साहेबाने फाईल मागितली की शिपाई रेकॉर्ड रूममध्ये जातो, गठ्ठा शोधतो, सोडतो आणि फाईल आणतो. साहेब कितीही हुशार असला तरी फाईल येईपर्यंत बसून राहतो. जुनी हार्ड डिस्क म्हणजे हा शिपाई. तिच्यात तबकड्या फिरतात, टेबलावरच्या संगणकात बहुधा मिनिटाला ७२०० फेरे. त्यांवर एक काटा पुढेमागे सरकून माहिती वाचतो. प्रत्येक शोधाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग जातो. हे थोडे वाटते, पण संगणक सुरू होताना हजारो बारीक फाईली ठिकठिकाणाहून उचलाव्या लागतात.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, हिच्यात फिरणारे काहीच नसते. पेनड्राइव्हसारख्या चिपमध्ये विजेच्या भाराच्या रूपाने माहिती साठवलेली असते. जणू प्रत्येक फाईल साहेबाच्या हाताशी आहे. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, तर साटा जातीची एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. विखुरलेल्या बारीक फाईली उचलण्यात तर दोघींची तुलनाच नाही.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केली. तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या होत्या, यंत्राचे वजन टनाच्या घरात होते आणि त्यात मावत होते सुमारे ५ एमबी. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. आपल्या आजोबा-आजींनी दीक्षा घेतली त्या साली ज्या यंत्राला खोली लागत होती, त्याच्या हजारो पट काम करणारी वस्तू आज त्यांच्या नातवंडांच्या तळहातावर मावते. एसएसडीत वापरतात ती फ्लॅश मेमरी जपानच्या फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत असताना १९८० च्या दशकात शोधून काढली.

घेताना आणि बसवताना

२०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारावे, हमीची मुदत पाहावी आणि पक्की पावती घ्यावी. अर्ज, टायपिंग, अभ्यास एवढ्यासाठी २४० किंवा २५६ जीबी पुरते. जुन्या संगणकाला अडीच इंची साटा एसएसडी लागते. एनव्हीएमई जातीची पट्टी वेगवान असते, पण तिची खाच जुन्या बोर्डावर बहुधा नसते. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करावी. आम्ही वापरलेली रॅम मिळवली.

सर्वात आधी माहितीची प्रत काढावी. आमच्या डिस्कवर विहाराचा जमाखर्च, जयंतीचे फोटो आणि कितीतरी मुलांचे दाखले होते. ते सारे बाहेरच्या डिस्कवर उतरवून, उघडून पाहिले आणि मगच स्क्रू ड्रायव्हरला हात लावला. डिस्क कटकट आवाज करत असेल तर या कामाला एक दिवसही उशीर करू नये.

नंतर वायर भिंतीतून काढली, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज घालवली, लोखंडी सांगाड्याला हात लावला आणि डाव्या बाजूचा पत्रा उघडला. एसएसडीला दोनच जोडण्या असतात, रुंद ती विजेची आणि अरुंद ती माहितीची. नवी प्रणाली टाकताना चुकून जुनी डिस्क पुसली जाऊ नये म्हणून तिची जोडणी तेवढ्यापुरती काढून ठेवली.

पहिल्या खेपेला पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची सूचना आली. सगळ्यांचे चेहरे उतरले. आयटीआयला जाणारा एक मुलगा म्हणाला, "काका, केबल पुरती बसली नाही." तसेच निघाले. केबल नीट दाबली आणि डिस्क दिसली.

प्रणालीचाही विचार करावा लागला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. आम्ही लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घेतली. ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रिंटर चालतो की नाही हे पाहता येते. मराठी टायपिंगही होते. ज्यांचे काम विंडोजच्याच एखाद्या सॉफ्टवेअरवर अडते त्यांनी मात्र आधी चौकशी करावी.

पूर्वी संगणक कामाला लागायला घड्याळात चार मिनिटे जात. आता अर्ध्या मिनिटाच्या आत पडदा तयार होतो. संगणक तोच, फक्त शिपाई बदलला.

दोन गोष्टी विसरू नका

एसएसडीने इंटरनेटचा वेग वाढत नाही. शिवाय ती बिघडली तर पुष्कळदा काही इशारा न देता एकदम जाते, आणि मग माहिती परत मिळणे कठीण. म्हणून महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसरीकडे असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जुनी डिस्क तशीच भंगारवाल्याला देऊ नका. फाईल डिलीट केली म्हणजे ती पुसली जात नाही, शोधणाऱ्याला ती सापडते. लोकांनी विश्वासाने आधार, जातीचे दाखले, पासबुके आपल्याकडे दिलेली असतात. हार्ड डिस्कला क्विक नव्हे, तर पूर्ण फॉरमॅट करावे. आमच्या मुलांनी रात्रभर यंत्र चालू ठेवून ते केले. आता ती डिस्क त्याच संगणकात पुस्तके आणि फोटो ठेवण्याच्या कामी आली आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून काढत आहे. संगणकावर वाचता येतील असे त्यातले खंड मुलांनी तिथे उतरवून ठेवले आहेत.

वाचलेल्या वर्गणीतून वाचनालयाला दोन टेबले आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके आली. ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. या वर्षी संध्याकाळी येऊन तिने धाकट्या मुलींचे अर्ज भरून दिले, आणि कोणाच्याही वडिलांची हजेरी बुडाली नाही. झाकण उघडून एसएसडी बसवायलाही ती आता शिकली आहे. शेजारच्या वस्तीतला संगणक तिने आणि त्या आयटीआयच्या मुलाने मिळून दुरुस्त केला.

आपापल्या विहारात, समाजमंदिरात, घरात धूळ खात पडलेला संगणक असेल तर तो एकदा उघडून पाहा. आक्कांनी सांगितले तसे, आधी त्याला झालेय काय ते बघा.

जयभीम!