दाताला टाचे मारणारा माणूस

लग्नसराई जवळ आली की दातांच्या दवाखान्यांचे फलक बदलतात. एरवी रूट कॅनॉलची जाहिरात असते तिथे ‘स्माइल मेकओव्हर, फक्त दोन भेटींत’ झळकू लागतं. याच सुमारास एका वाचक तरुणीचं पत्र आलं. समोरचे दात किंचित पिवळसर आहेत, एक जरा तिरका आहे. एका दवाखान्यात ब्लीचिंग सुचवलं, दुसऱ्यात व्हेनिअर, तिसऱ्यात थेट सहा दातांना कॅप. ‘यातलं सुरक्षित कोणतं?’ असा तिचा प्रश्न.

दरपत्रकात हे तिन्ही उपचार एकाखाली एक लिहिलेले असतात, त्यामुळे साडीच्या दुकानातल्या साधी, मध्यम, भारी अशा प्रतींसारखे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यात दात जागच्या जागी राहतो, दुसऱ्यात तो थोडा तासला जातो आणि तिसऱ्यात त्याचा खुंट उरतो. म्हणून किमतीच्या आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात. माझं इनॅमल किती जाणार? आणि उद्या मला हे नकोसं झालं तर मूळचा दात परत मिळेल का?

इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येताच संपतात. मोडलेलं हाड जुळतं, कापलेली त्वचा भरून येते. गेलेलं इनॅमल मात्र कायमचं जातं. समोरच्या दातांवर तर त्याची जाडी बहुतेक ठिकाणी मिलिमीटरभरही नसते. हा थर काहीसा पारभासक असतो आणि त्याच्याआडचं डेंटिन पिवळसर असतं. म्हणजे निरोगी दाताला थोडी पिवळी झाक असणं स्वाभाविकच आहे. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं आणि पिवळेपणा अधिक दिसू लागतो. जाहिरातीतला टाइल्ससारखा पांढरा दात निसर्गात क्वचितच सापडतो.

तो आला हॉलिवुडमधून. 1920-30च्या दशकांत चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य तिथल्या नटनट्यांसाठी दातांवर बसवायचे पातळ पापुद्रे तयार करत. बालकलाकार शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत असत, तेव्हा पडद्यावर फट दिसू नये याची सोयही त्यांनीच केली होती. हे पापुद्रे कवळी चिकटवायच्या भुकटीनं तात्पुरते लावलेले असत. कॅमेऱ्यापुढे हसा, पण जेवायला बसण्याआधी काढून ठेवा! सोंग उतरवलं की खालचा दात जसाच्या तसा. मला विचाराल तर सुरक्षिततेच्या कसोटीवर पिंकस यांचा उपचार आजच्या कितीतरी ‘मेकओव्हर’पेक्षा सरस होता. फक्त तो टिकत नव्हता, कारण ओल्या, सतत घासल्या जाणाऱ्या इनॅमलला काहीच चिकटत नसे.

या अडचणीवर तोडगा काढणाऱ्या माणसाचं नाव दंतवैद्यकाच्या वर्गाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते. मायकेल बुओनोकोर हे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी, ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरीत संशोधक होते. ही संस्था कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून उभी राहिलेली. ज्या कंपनीनं घराघरांत कॅमेरा नेऊन लोकांना हसायला लावलं, तिच्याच पैशातून दातांचं संशोधन व्हावं, हा योग मोठा मजेशीर आहे.

धातूच्या पृष्ठभागावर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आधी त्यावर फॉस्फोरिक ॲसिडची प्रक्रिया करतात, हे बुओनोकोर यांना ठाऊक होतं. मग दातावर का करू नये? हा विचार त्या काळी ऐकायलाही विचित्र वाटावा असा होता. आम्ल हा दाताचा पिढीजात वैरी. कैरी जास्त खाल्ली की दात आंबतात, हे पोरालाही कळतं. दंतवैद्याचं सगळं शिक्षण आम्लापासून इनॅमल वाचवण्याचं, आणि हा माणूस 85 टक्के तीव्रतेचं ॲसिड 30 सेकंद दाताला लावू म्हणत होता. त्यानं ते लावलं, धुतलं, दात कोरडा केला आणि त्यावर ॲक्रिलिकचा थेंब ठेवला. ॲसिड न लावलेल्या दातांवरचे थेंब लवकरच गळून पडले. ॲसिड लावलेल्या दातांवरचे कितीतरी पट जास्त काळ चिकटून राहिले. 1955 साली ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’मध्ये छोटासा निबंध आला. व्यवसायानं त्याची दखल घ्यायला बरीच वर्षं लावली.

घडतं काय, ते गवंड्याला विचारा. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून तो आधी त्याला टाचे मारतो. ॲसिडही इनॅमलला असेच टाचे मारतं, फक्त ते मायक्रोमीटरच्या मापात. त्या सूक्ष्म खाचांत द्रवरूप रेझिन शिरतं, तिथेच घट्ट होतं आणि हजारो चिमुकल्या बोटांनी दाताला धरून ठेवतं. पुढे राफाएल बोवेन यांनी अधिक दणकट रेझिन बनवलं, तेच आजच्या दाताच्या रंगाच्या भरणांचं मूळ. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला सिमन्सन आणि कॅलॅमिया यांनी सिरॅमिकलाही आम्लानं असंच खरबरीत करता येतं हे दाखवलं आणि पिंकसचा पापुद्रा कायमचा चिकटला. आजचं व्हेनिअर ते हेच. आज वापरतात ते ॲसिड सौम्य, सुमारे 37 टक्के तीव्रतेचं असतं. बाकी कल्पना तीच.

बुओनोकोर यांचं खरं देणं असं की दात सुधारण्यासाठी तो कोरायची सक्ती संपली. पूर्वी भरण अडकून बसावं म्हणून चांगला दातही खणावा लागे. आता नुसतं चिकटवता येतं. दोन दातांमधली फट, तुटलेला कोपरा, थोडासा तिरकेपणा हे कॉम्पोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या त्या रेझिनचा, लेप देऊन, अनेकदा ड्रिल न लावता, एका बैठकीत झाकता येतं. हा लेप काही वर्षांनी बदलावा लागतो आणि आपल्या जेवणातली हळद नि दिवसाचे चार चहा त्याचा रंग बिघडवतात, हे खरं. पण तो काढला की खाली दात असतो.

हे सगळं हाताशी असताना निरोगी दात तासून कॅप बसवणं म्हणजे 1955च्या मागे जाणं. 2002 साली एडेलहॉफ आणि सोरेनसेन यांनी समोरच्या दातांवर वेगवेगळ्या उपचारांत किती भाग जातो ते चक्क वजन करून पाहिलं. व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी 3 ते 30 टक्के गेला, पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के. इतका तासलेला दात कधी कधी आतून मरतो आणि मग रूट कॅनॉल मागे लागतं. शिवाय कॅप काही जन्मभर पुरत नाही. बाविसाव्या वर्षी बसवली तर आयुष्यात ती अनेकदा बदलावी लागणार आणि दर खेपेला दात आणखी थोडा कमी होणार. ब्रिटनमधली तरुण मंडळी स्वस्तात पांढरं हास्य मिळतं म्हणून तुर्कस्तानला जातात आणि पुष्कळदा व्हेनिअर समजून कॅप घेऊन परततात. ब्रिटनमधल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं त्याबद्दल सावधगिरीचे इशारे दिले आहेत. कॅप वाईट नव्हे. फुटलेल्या, किडून पोखरलेल्या दाताला ती संजीवनी आहे. धडधाकट दाताला मात्र तिची काहीही गरज नसते.

व्हेनिअर करायचंच असेल तर विचारायचा प्रश्न एकच, तासणी इनॅमलच्या आतच राहणार का? बुओनोकोरचे टाचे इनॅमलवर उत्तम बसतात. डेंटिन ओलसर आणि सेंद्रिय असल्यानं तिथली पकड तितकीशी भरवशाची नसते.

घरी करायच्या ब्लीचिंगचा जन्म अपघातानं झाला. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बिल क्लुसमायर नावाचे दात सरळ करणारे डॉक्टर होते. एका रुग्णाच्या सुजलेल्या हिरड्यांसाठी त्यांनी 10 टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक दातांवरच्या साच्यात घालून रात्री लावायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्याच, दातही उजळले. हेवूड आणि हेमन यांनी 1989 मध्ये ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली. पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान की तो इनॅमल ओलांडून आत जातो आणि रंग देणाऱ्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतो. तो आतल्या नसेपर्यंतही पोचतो, म्हणून काही दिवस थंड पाण्यानं दात शिवशिवतात. हे बहुधा आपोआप थांबतं. 10 टक्के कार्बमाइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि दंतवैद्याच्या देखरेखीखाली ते वापरण्याचा अनुभव दीर्घ आहे. दवाखान्यातली ‘एका तासात’वाली द्रावणं याच्या कितीतरी पट तीव्र असतात.

आणि तो निळा दिवा! खुर्चीवर आडवं करून तोंडावर जो रोखतात त्याच्याविषयी मला मनापासून शंका आहे. अभ्यासांचे आढावे बहुतांशी हेच सांगतात की दिव्यामुळे अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही. मग उठल्या उठल्या आरशात दात लख्ख का दिसतात? तासभर ओठ ताणून ठेवल्यानं दात कोरडा पडतो, कोरडं इनॅमल प्रकाश जास्त विखुरतं आणि जास्त पांढरं दिसतं. लाळेत भिजून एखाद-दोन दिवसांत त्यातला बराच पांढरेपणा ओसरतो. तोवर ‘आधी-नंतर’चा फोटो काढून झालेला असतो.

युरोपीय संघानं 2012 पासून 6 टक्क्यांवरच्या हायड्रोजन पेरॉक्साइडला मनाई केली आणि 0.1 टक्क्यावरचं दंतवैद्यामार्फतच द्यायचं, तेही अठरा वर्षांखालील कुणाला नाही, असा नियम केला. ब्रिटनच्या उच्च न्यायालयानं 2013 मध्ये दात पांढरे करणं हा दंतवैद्यकाचाच भाग ठरवला. 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नेमकी उलटी गंमत झाली. मॉलमधल्या ब्लीचिंगवाल्यांना हटकणारं नॉर्थ कॅरोलायनाचं दंतवैद्यक मंडळ स्पर्धा मोडल्याच्या प्रकरणात हरलं! आपल्याकडे डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत आहे की नाही ते तपासता येतं. पार्लरमध्ये पेरॉक्साइड लावून घेऊ नये.

लिंबू-सोडा नि कोळशाची पेस्ट यांवर जास्त शाई घालवत नाही. लिंबाचा रस इनॅमल विरघळवतो आणि कोळशानं दात पांढरे होतात याला भक्कम पुरावा नाही. उलट मिश्रीचे, तंबाखूचे, चहाचे डाग आणि कीटण साध्या स्केलिंगनं निघतात. पुष्कळांना तेवढंच पुरतं. ‘सफाई केली की दात हलायला लागतात’ ही समजूत घरोघरी आहे. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणाच्या थरामुळे हलता दात जागेवर बांधल्यासारखा राहतो. ते निघालं की दुखणं उघडं पडतं, इतकंच.

आता एक डाग असा, जो घासून जात नाही. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडोत आला आणि तिथल्या लोकांचे तपकिरी दात पाहून चक्रावला. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे सिद्ध व्हायला 1931 उजाडलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे असेच दात दिसतात. लग्न ठरताना त्यावरून मुलींना बोलणी खावी लागतात. यातले पांढरट डाग म्हणजे रंग नसून इनॅमलमधली सूक्ष्म छिद्रं असतात. इनॅमलचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, सुमारे 1.62, पाण्याचा 1.33, हवेचा 1. या फरकामुळे प्रकाश विखुरतो आणि ठिपका खडूसारखा दिसतो. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या संशोधकांनी या छिद्रांत सुमारे दीडच्या अपवर्तनांकाचं पातळ रेझिन मुरवायची युक्ती काढली. फरक आटला की डाग डोळ्यांदेखत मावळतो. ड्रिल नाही, भूल नाही. आधी ॲसिडनं वरचा थर मोकळा करायचा, मग रेझिन शोषू द्यायचं; इथेही रॉचेस्टरचाच धडा. खोल तपकिरी डागांना एवढं पुरत नाही. तिथे आधी ब्लीच, मग वरचा पातळ थर आम्ल आणि प्युमिसनं घासणं, आणि तरीही उरलंच तर कॉम्पोझिट. मात्र ब्लीचनंतर निदान दोन आठवडे थांबून, कारण दातात अडकलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.