दोन किलोंचा हिवाळा

डिसेंबरच्या अखेरीस उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरले, की निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास घुटमळतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. थंडीची चाहूल लागली की जागं राहावं लागतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. घरात पाळलेल्या चिमुकल्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र तेवढी जाग अजून आलेली नाही. चिवावा, मिनिएचर पिन्शर, यॉर्कशायर टेरिअर, टॉय पॉमेरियन अशी दीड ते तीन किलो वजनाची कुत्री आता नाशिक, पुणे, नागपूरच्या फ्लॅटांमध्ये सर्रास दिसतात. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ असं म्हणून त्यांच्या थंडीकडे दुर्लक्ष होतं. नाहीतर एक रंगीत स्वेटर चढवला, की काळजी मिटली असं धरलं जातं. या दोन्ही समजुतींनी या जिवांचं नुकसान होतं, कारण त्यांची थंडी मुळात आकाराची आहे आणि त्याहूनही जास्त इंधनाची आहे.

आकाराचं आधी बघू. शरीरात उष्णता तयार होते ती मांसात, यकृतात, हृदयात, म्हणजे आकारमानात. ती निसटते कातडीवाटे, म्हणजे पृष्ठभागातून. प्राणी लहान होत जातो तसं आकारमान झपाट्याने घटतं, पृष्ठभाग त्या मानाने सावकाश घटतो. विस्तव विझल्यावरही बंबातलं पाणी बराच वेळ कढत राहतं आणि त्यातूनच काढलेलं तांब्याभर पाणी बघता बघता कोमट होतं, तोच हा प्रकार. पशुवैद्य काही औषधांची मात्रा ठरवताना वजनावरून कातडीचं क्षेत्रफळ काढतात. त्या सूत्राने तीस किलोंच्या लॅब्रॅडॉरला किलोमागे सुमारे सव्वातीनशे चौरस सेंटिमीटर कातडी येते, तर दोन किलोंच्या चिवावाला किलोमागे आठशे. म्हणजे उष्णता निसटून जायला अडीच पट मोठी वाट.

हे कुत्र्यांवरच मोजून दाखवलं ते जर्मन शरीरशास्त्रज्ञ माक्स रुब्नर यांनी, १८८३ साली. त्यांनी तीन किलोंपासून एकतीस किलोंपर्यंतच्या कुत्र्यांची दिवसाची उष्णता मोजली. मोठ्या कुत्र्याने किलोमागे सुमारे ३६ किलोकॅलरी खर्च केल्या, सगळ्यात लहान कुत्र्याने ८८. कातडीच्या दर चौरस मीटरमागे हिशोब केला, तेव्हा मात्र सगळे आकडे हजार-बाराशेच्या घरात आले. पुढे १९३२ साली माक्स क्लायबर यांनी उंदरापासून बैलापर्यंतच्या आकड्यांवरून वजन आणि ऊर्जाखर्चाचं नातं अधिक नेमकं बांधलं आणि त्याचं कारण केवळ कातडी नाही हेही पुढे आलं. पण रुब्नरच्या त्या छोट्या कुत्र्याने सांगितलेली गोष्ट आजही तशीच खरी आहे. लहान कुत्र्याची भट्टी किलोमागे दुपटीहून जास्त वेगाने जळत असते, आणि ती सतत पेटती ठेवावी लागते.

बसल्या जागी जास्तीची ऊर्जा न जाळता अंग गरम राहील, अशी हवेची एक खालची मर्यादा असते. लांब केसांच्या कुत्र्यांसाठी ती साधारण १५ ते २० अंश सेल्सियस धरतात, आखूड केसांच्यांसाठी २० ते २५. पुण्यातली डिसेंबरची पहाट सहज दहा-बारा अंशांची असते. ज्या हवेत आपण शाल पांघरून आनंदाने चहा पितो, त्याच हवेत मिनिएचर पिन्शरचं शरीर राबायला लागलेलं असतं. आधी कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, कान आणि पंजे गार पडतात. तेवढ्याने भागलं नाही, की स्नायू जागच्या जागी आखडू-सैलावू लागतात. त्यालाच आपण कुडकुडणं म्हणतो. हे कुडकुडणं फुकट होत नाही. त्यात साखर जळते, आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

यकृत आणि स्नायू मिळून साखरेचा राखीव साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात. चिमुकल्या कुत्र्याचं यकृत चिमुकलं, स्नायू थोडे, चरबी नावापुरती. साठा छोटा आणि खर्च मोठा. दोन-तीन महिन्यांच्या टॉय पिल्लाची तर काही तास उपास घडला तरी रक्तातली साखर घसरू शकते. रात्री आठला जेवण, सकाळी आठला पुढचं, मधले बारा तास गार फरशीवर, अशी रात्र त्याच्या जिवावर बेतू शकते. साखर उतरली की पिल्लू मलूल होतं, चालताना झोकांड्या खातं, नजर हरवल्यासारखी होते, अंगाला कंप सुटतो, पुढे झटके येतात. गंमत म्हणून ‘बघा कसं थरथरतंय’ असं म्हणत ज्याचा व्हिडिओ काढला जातो, ते पिल्लू कधी कधी अशा वेळी मदत मागत असतं.

सगळंच थरथरणं थंडीचं नसतं, हे खरं. चिवावा भीतीने थरथरतो, आनंदाने थरथरतो, पोटात दुखलं तरी थरथरतो. ओळखायची एक साधी रीत आहे. थंडीची थरथर उबेत घेतल्यावर थोड्या वेळात ओसरते. ऊब मिळूनही थरथर चालू राहिली, किंवा जोडीला सुस्ती आणि डगमग दिसली, तर साखरेची शंका घ्यावी. शुद्धीवर असेल तर हिरड्यांना बोटाने मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी चोळावं आणि लगोलग दवाखाना गाठावा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात चमच्याने काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. आणि ‘शुगर-फ्री’ लिहिलेला कुठलाही पदार्थ या कामी आणू नये. त्यात झायलिटॉल असेल, तर त्याने कुत्र्याची साखर उलट आणखी कोसळते.

म्हणून माझ्या मते छोट्या कुत्र्याचा हिवाळा स्वयंपाकघरातून सांभाळायला हवा. लहान पिल्लाला दिवसातून चार ते सहा वेळा थोडं थोडं, रात्री झोपण्यापूर्वी शेवटचा घास आणि उजाडताच पहिला. मोठ्या टॉय कुत्र्यालाही दोनऐवजी तीन वेळा दिलेलं बरं. एकूण खाणं किती वाढवायचं, हे आठवड्याचं वजन बघून ठरवावं. स्वयंपाकघरातला काटा त्यासाठी पुरतो. दोन किलोंच्या कुत्र्याचे शंभर ग्रॅम कमी झाले, म्हणजे अंगाचा विसावा हिस्सा गेला. पण सतत उबदार घरात, मांडीवर राहणाऱ्या कुत्र्याला थंडीच्या नावाखाली तूप-भात भरवत राहिलं, तर त्याचा भार गुडघ्याच्या वाट्यांवर येतो. या जातींमध्ये त्या आधीच सैल असतात.

आता केसांविषयी. पेअर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्काच्या उत्तर टोकाला जमवलेल्या आणि १९५० साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून दिसलं, की फर जितकी जाड तितकी ती ऊब धरते, आणि लहान प्राण्यांना फार जाड फर पेलताच येत नाही. पायांत लोंबेल एवढं घोंगडं घेऊन धावणार कसं? लहान असण्याचा हा दुहेरी तोटा आहे. पॉमेरियनला मात्र वारशाने दुहेरी केस मिळालेत, वर राठ आणि आत मऊ दाट अस्तर. बाल्टिक किनाऱ्यावरच्या पोमेरेनिया प्रांताचं नाव या जातीला मिळालं. तिथून आलेली कुत्री आजच्यापेक्षा बरीच मोठी होती. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून ‘मार्को’ नावाचा साडेपाच किलोंचा पॉमेरियन आणला आणि तिथून लहान पॉमचं वेड पसरलं. आपल्याकडे ज्याला पॉमेरियन म्हणतात, तो ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीसारखा पांढरा कुत्रा बहुधा इंडियन स्पिट्झ असतो, अंगापिंडाने जास्त दणकट. दोन किलोंच्या टॉय पॉमला त्याच्या मापाने जोखू नये. आणि अंगावर अस्तर असलेल्या कुणालाही ‘टेडी बेअर’ दिसावा म्हणून मशीनने भादरू नये. स्पिट्झ घराण्यात असे कापलेले केस कित्येक महिने, कधी कधी कायमचेच, नीट परत येत नाहीत. कुत्रं हिवाळ्यात उघडं पडतं ते असं.

स्वेटर हवा तो आखूड, एकहेरी केसांच्या कुत्र्याला, म्हातारपणात आणि आजारपणात. त्याने छाती आणि पोट झाकायला हवं, कारण तिथे लव विरळ असते आणि जमीन तिथून चार बोटांवर असते. पण महाराष्ट्राच्या पठारावरचा हिवाळा कोरडा आणि निरभ्र. रात्री जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते, पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस. सकाळी घातलेला स्वेटर दुपारीही तसाच राहिला, तर थंडीसाठी घेतलेली काळजीच उन्हाचा त्रास होऊन बसते. रात्री अंगावर ठेवायचा असेल, तर सैल आणि कोरडा असावा. ओल्या केसांतली हवा जाऊन तिथे पाणी बसतं, आणि पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. म्हणून हिवाळ्यात अंघोळ घालायची तर भर दुपारी, आणि पुसून मुळापर्यंत वाळवल्याखेरीज सोडायचं नाही.

फरशीकडे आपलं लक्षच नसतं. शहाबादी असो, संगमरवरी असो की चकचकीत टाइल, रात्रभर ती पोटाखालची ऊब खेचत राहते. अंथरूण जमिनीपासून चार इंच वर उचललं, खाली लाकडी पाट किंवा दुमडलेलं गोणपाट, वर जुनी गोधडी आणि तीन बाजूंनी आडोसा, एवढ्याने जो फरक पडतो तो महागडा हीटरही पाडत नाही. फिरायलाही पहाटे साडेपाचला नेण्याचा हट्ट सोडावा. सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते. कोवळं ऊन अंगणात आलं की निघावं. पंजांची काळजी मात्र फार नको. टोकियोचे हिरोयोशी निनोमिया यांनी २०११ साली दाखवून दिलं, की कुत्र्याच्या पंजात धमनीला शिरांचं जाळं बिलगलेलं असतं. उतरणारं गरम रक्त वर चढणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊनच तळव्यात पोचतं.

धाप आणि खोकला मात्र हलक्यात घेऊ नये. पॉम, यॉर्की, चिवावा यांच्या श्वासनलिकेच्या कुर्च्या पुष्कळदा ढिल्या असतात. गार कोरडी हवा किंवा शेकोटीचा धूर लागला, की बदकाच्या ओरडण्यासारखा खोकला सुरू होतो. त्यांना गळ्यात पट्टा न घालता छातीवरचा हार्नेस घालावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड माणसालाही मारतो, कुत्र्यालाही.

मायेपोटी केले जाणारे काही उपाय थंडीपेक्षाही घातक आहेत. ‘दोन थेंब ब्रँडी’ त्यांतला पहिला. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, अंगातली ऊब बाहेर पडते, साखर खाली जाते. कापूर किंवा निलगिरीचा बाम छातीला चोळला, की कुत्रं तो चाटतं, आणि कापूर त्याच्यासाठी विष आहे. आपली सर्दीची पॅरासिटामॉल तर हातातही घेऊ नये. आणि हिवाळ्यात घरोघरी होणारे डिंकाचे लाडू: त्यांतले मनुके, आणि हंगामात येणारी द्राक्षं, कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्लं तर चालेल याचा सुरक्षित आकडा नाही, आणि दोन किलोंच्या अंगात चार मनुकेही कमी नाहीत. द्राक्षाच्या गावात हे प्रत्येक घराने लक्षात ठेवावं असं मला कळकळीने वाटतं.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे नियम वेगळे आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांना कुडकुडताच येत नाही. त्यांच्या अंगाचं तापमान ९५ ते ९८ अंश फॅरनहाइटच असतं, आणि आई नसेल तर ते खोलीच्या तापमानाकडे घसरत जातं. त्यांच्या खोक्याचा एक कोपरा २९ ते ३२ अंश सेल्सियस ठेवावा आणि दुसरा थोडा गार, म्हणजे गरम झालं तर सरपटत जायला जागा राहते. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजण्याची घाई कधीही करू नये. शरीर थंड असताना आतडी थांबलेली असतात, दूध आत साचतं किंवा फुप्फुसात जातं. आधी अंगाशी धरून सावकाश ऊब, मगच दूध.

मोठ्या कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२ फॅरनहाइटच्या आसपास असायला हवं. ते ९९च्या खाली गेलं, कुडकुडणं थांबूनही कुत्रं सुस्त पडलं, हिरड्या फिकट आणि गार लागल्या, तर वेळ दवडू नये. कोरड्या चादरीत धड गुंडाळावं आणि कोमट पाण्याची बाटली टॉवेलात लपेटून छातीशी ठेवावी. हातपाय चोळू नयेत, बाटली उघड्या कातडीला लावू नये. गारठलेल्या कातडीत रक्त फारसं फिरत नसतं, म्हणून ती चटकन भाजते, आणि कुत्र्याला ते कळतही नाही.

लहान आकाराचं बीज फार जुनं आहे. २००७ साली आयजीएफ-१ या जनुकाचा लहान कुत्र्यांशी संबंध सापडला, आणि २०२२ साली त्याच जनुकाशी जोडलेला आकाराचा बदल सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या लांडग्यातही आढळला. पण त्या बीजातून एक किलोचा ‘टी-कप’ कुत्रा काढायचा उद्योग अलीकडचा आहे. टी-कप ही कुठलीही मान्य जात नाही. बऱ्याचदा ते वेतातलं सर्वांत अशक्त पिल्लू असतं, किंवा वय वाढवून सांगितलेलं पिल्लू. कुत्र्यांच्या पैदाशीविषयीच्या २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हिवाळ्यात पिल्लू घरी आणणार असाल, तर जन्मतारीख लेखी मागा, आईला प्रत्यक्ष बघा, पिल्लाचं वजन समोर करून घ्या, ते कधी आणि काय खातं हे वेळेसकट लिहून घ्या, आणि पहिले पंधरा दिवस त्याचं अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता हात लावून बघता येईल.