छोट्या नौकेतून पहिली बेटयात्रा

किनाऱ्यावर उभे राहून पाहिले असता समुद्रातील बेट फार जवळ भासते. मध्ये डोंगर नाही, घाट नाही, वळण नाही. शीड उभारले की तासा-दोन तासांत तेथे पोहोचू, असे नवशिक्या नाविकास वाटते. आणि बहुधा तो पोहोचतोही. अडचण येते ती परतताना. दुपारी वारा पालटलेला असतो, पाण्याचा ओढा उलटलेला असतो आणि सकाळी जे अंतर दोन तासांत सरले, ते कापावयास सूर्यास्तापर्यंतचा वेळही पुरत नाही. म्हणून पहिल्या बेटयात्रेची आखणी करताना परतीचा विचार आधी करावा आणि जाण्याचा मागाहून.

मुंबईच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर असलेल्या खांदेरी बेटाचे उदाहरण घेतले म्हणजे हे नीट ध्यानात येईल. शिवछत्रपतींनी १६७९ साली या बेटावर दुर्ग बांधावयास घेतला, तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजे पाठवून बेटाची नाकेबंदी केली. परंतु मराठ्यांच्या चिंचोळ्या, हलक्या होड्या वल्ही मारीत उथळ पाण्यातून निसटत आणि बेटावर रसद पोहोचवीत. शिडावर अवलंबून असलेली अवजड जहाजे वारा पडला की हतबल होत. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. या पाण्याची आणि वाऱ्याची वेळ ज्याला ठाऊक, त्याला लहान नौकाही पुरते, हा त्या प्रसंगाचा बोध आजच्या हौशी नाविकालाही उपयोगी पडणारा आहे. बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे, आणि २०२५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या बारा मराठा दुर्गांत खांदेरीचा समावेश झाला आहे.

या यात्रेस योग्य काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लहान नौकेने समुद्रावर जाण्याचा विचारही करू नये. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर वाऱ्याचा एक नित्यक्रम असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढले की तो मंदावतो, काही काळ पडतोही. आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो, तो सायंकाळपर्यंत टिकतो. शिडाच्या नौकेस वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही; तिला नागमोडी वळणे घेत पुढे सरकावे लागते आणि अंतर बरेच वाढते. खांदेरीहून मुंबई जवळजवळ सरळ उत्तरेस आहे. तेव्हा दुपारी परत निघणाऱ्या नौकेस वायव्य वारा अगदी नाकासमोर नसला, तरी तिरकस तोंडावर येतो. अननुभवी माणसे येथेच थकतात, भिजतात आणि अंधारात सापडतात.

यावर उपाय असा की एका दिवसाची धाव न करता तीन दिवसांची यात्रा आखावी आणि मांडव्यास मुक्काम करावा. मुंबईहून मांडवा सुमारे सात सागरी मैल आणि मांडव्याहून खांदेरीही जवळपास तितकेच. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. पहिल्या दिवशी दुपारी वायव्य वारा पाठीशी घेऊन मांडव्यास यावे. दुसऱ्या दिवशी पहाटे मतलई वाऱ्यावर नैर्ऋत्येस खांदेरीकडे निघावे. दुपारी परतताना मांडवा ईशान्येस येत असल्याने वायव्य वारा नौकेच्या बाजूस लागतो, आणि बाजूचा वारा शिडास सर्वांत सोयीचा. तिसऱ्या दिवशी पहाटे मुंबईकडे निघावे. तेव्हा जमिनीवरून येणारा वाराही बाजूसच मिळतो. एकाही टप्प्यात वाऱ्याशी झुंज द्यावी लागत नाही.

वाऱ्यानंतर भरती-ओहोटीचा विचार. घरचे पंचांग येथे कामास येते. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; त्या सुमारास मुंबईच्या बाजूस पूर्ण भरती असते, असा कोकणात रूढ हिशोब आहे. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाच्या व सायंकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला. नेमक्या वेळा डेहराडून येथील राष्ट्रीय जलालेख कार्यालयाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांतून पाहाव्यात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. मुंबईस मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक वरखाली होते. गोव्याच्या किनाऱ्यावर हा फरक पुष्कळच कमी, हे तिकडील नाविकांनी विसरू नये. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि प्रवाहही सौम्य असतो.

प्रवाहाचे महत्त्व साध्या गणिताने पटेल. नौकेचा वेग ताशी चार मैल आणि प्रवाह दोन मैलांचा असला, तर अनुकूल प्रवाहात तीन मैल अर्ध्या तासात सरतात; प्रतिकूल प्रवाहात त्यांना दीड तास लागतो. म्हणून सप्तमी, अष्टमी व नवमी हे तीन दिवस निवडावेत. अष्टमीस सकाळची ओहोटी बेटाकडे नेते आणि दुपारची भरती परत आणते. पहिल्या व तिसऱ्या दिवशी प्रवाह तितका साथ देणार नाही. परंतु भांगाच्या मंद प्रवाहापेक्षा वाऱ्याची अनुकूलता अधिक मोलाची.

आता परतीची वेळ कशी ठरवावी? जानेवारीत सूर्य सहानंतर लवकरच मावळतो. वारा फार मंद राहिला आणि वेग ताशी दोनच मैल मिळाला, असे सर्वांत वाईट गृहीत धरावे. सात मैलांस साडेतीन तास लागतील. म्हणजे दुपारी दोन ही खांदेरीहून निघण्याची शेवटची वेळ. ही वेळ घरीच कागदावर लिहावी आणि बेटावर पोहोचल्यावर तीत बदल करू नये. त्याचप्रमाणे सकाळी दहापर्यंत बेट गाठता आले नाही, तर तेथूनच माघारी वळावे.

वाटेतील धोकेही आधी नकाशावर टिपून ठेवावेत. मुंबई बंदराचा मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागतो. मोठे जहाज लवकर थांबू शकत नाही. लहान नौकेनेच दूर राहावे आणि मार्ग काटकोनात, झटपट ओलांडावा. थळच्या बाजूस खडक व उथळ पाणी आहे, शिवाय मच्छीमारांच्या जाळ्यांचे खुंट व दोर असतात. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचींची आणि २०२० पासून मोटारी वाहून नेणाऱ्या रो-रो नौकेचीही ये-जा असते. तो भाग मोकळा ठेवावा. मुक्कामाची व बेटावर उतरण्याची परवानगी बंदर-अधिकाऱ्यांकडून आधीच घ्यावी. आदल्या सायंकाळी हवामान खात्याचा आणि हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा अंदाज पाहावा. लाटांचा इशारा असेल तर यात्रा पुढे ढकलावी. पुढला भांग पंधरवड्याने येतोच.

सामानात प्राण-जाकिटांना पहिला मान. ती पेटीत न ठेवता अंगावर असावीत. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून एका दिवसाचे जादा घ्यावे. इंजिनाच्या इंधनाचे तीन भाग कल्पावेत. एक जाण्याचा, एक येण्याचा, एक राखीव. नांगराचा दोर भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट सोडता यावा. आखूड दोरावर नांगर धरत नाही. बिनतारी संचाची सोळावी वाहिनी संकटाच्या हाकेसाठी असते, आणि तटरक्षक दलाचा साहाय्य-क्रमांक १५५४ आहे. हे दोन्ही नौकेतील प्रत्येकास पाठ असावेत.

शेवटी एक कागद किनाऱ्यावरील जबाबदार माणसाच्या हाती द्यावा. त्यावर नौकेचा रंग, माणसांची नावे, तिन्ही दिवसांचा मार्ग आणि अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणास कळवावे, हे स्पष्ट लिहावे. परतल्यावर तो कागद आठवणीने परत घ्यावा. अन्यथा सुखरूप घरी आलेल्या माणसांसाठी दुसऱ्यांना रात्री समुद्र धुंडाळावा लागतो. दोन वाजता बेट सोडताना दुर्गाचा एखादा बुरूज पाहावयाचा राहिला, तर हळहळ वाटेल. पण तो बुरूज तीन शतकांहून अधिक काळ तेथे उभा आहे. पुढील भांगापर्यंत तो खचित थांबेल.