बिनरिळाचा गळ आणि शहरातील नदी

मुंबईत नदी कोठे आहे, असा प्रश्न गिरगावातील वा लालबागमधील एखाद्या रहिवाशाला विचारला, तर तो क्षणभर विचारात पडतो. समुद्र त्याच्यापासून फार दूर नसतो आणि नाला तर दाराशीच असतो. पण नदी म्हटले की त्याला गावाकडची, कोकणातील किंवा घाटावरची नदी आठवते. मिठी नावाची नदी या शहरातून वाहते, हे असंख्य मुंबईकरांना खऱ्या अर्थाने उमगले ते २६ जुलै २००५ रोजी. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तोवर नाला समजली जाणारी नदी लोकांच्या घरांत शिरली.

अशा शहरात नदीकाठी उभे राहून गळाने मासे पकडण्याच्या एका जपानी पद्धतीची चर्चा करणे ही काहींना थट्टा वाटेल. परंतु ‘तेनकारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीने गेल्या दीड दशकात इंग्लंडमधील औद्योगिक शहरांच्या नद्यांवर चांगलाच जम बसवला आहे. त्या नद्याही एके काळी मिठीइतक्याच बदनाम होत्या. मासेमारीचा छंद आणि नदीची प्रकृती यांचा संबंध किती जवळचा असतो, हे त्या अनुभवावरून स्पष्ट होते.

तेनकारा ही जपानच्या डोंगराळ भागातील जुनी पद्धत आहे. तिचा पहिला लेखी उल्लेख ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो यांच्या १८७८ मधील रोजनिशीत असल्याचे मानले जाते. डोंगरातील पोटार्थी मासेमार या पद्धतीने यामामे, इवाना, अमागो हे ट्राउटच्या कुळातील मासे पकडत आणि खालच्या वस्तीतील खाणावळींना विकत. तिची साधने मोजून तीन: काठी, दोरी आणि पिसे गुंडाळलेला गळ. पाश्चात्त्य पद्धतीत दोरी गुंडाळण्यासाठी काठीला रीळ असते. येथे ते नाही. काठीच्या टोकाला विणलेल्या धाग्याचा लहानसा तुकडा चिकटवलेला असतो आणि दोरी त्यालाच बांधली जाते. दोरीची लांबी साधारण काठीएवढीच असल्याने मासा फार तर काठीच्या दुप्पट अंतरावर असतो. काठी पूर्वी बांबूची असे. आता ती कार्बन तंतूंची, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची असते. उघडली की साडेतीन-चार मीटर आणि मिटली की हातभर, म्हणजे लोकलमधून नेली तरी शेजारच्या प्रवाशाने तक्रार करू नये इतकी.

हे वर्णन कोकणातून आलेल्या मुंबईकराला अजिबात परके वाटू नये. बांबूची काठी, टोकाला बांधलेले तंगूस, गळ आणि गळाला गांडूळ, ही ‘गरी’ ज्याने लहानपणी वहाळावर टाकली आहे, त्याने तेनकाराची निम्मी विद्या आधीच आत्मसात केलेली असते. गरवायला जाताना रीळ कोणी नेत नसे. फरक आहे तो आमिषाचा. गरीला जिवंत वा मृत आमिष लागते. तेनकारात ‘केबारी’ नावाचे कृत्रिम कीटक वापरतात, म्हणजे गळाभोवती रंगीत धागा आणि पक्ष्याचे पीस. त्याच्या एका प्रकारात पिसाचे केस गळाच्या मागे न वळता पुढे, छत्री उलटल्यासारखे वळलेले असतात. प्रवाहात काठी किंचित हलवली की ते मिटतात, उघडतात, आणि माशाला जिवंत किड्याचा भास होतो.

या पद्धतीचे यश एका साध्या गोष्टीत आहे. ओढ्याचा प्रवाह सर्वत्र एकाच वेगाने वाहत नाही. मध्ये तो धावतो, खडकामागे जवळजवळ थबकतो, आणि मासा नेमका त्या थबकलेल्या पाण्यात उभा असतो. जड दोरी मधल्या वेगवान पाण्यावर पडली की ती गळाला ओढत नेते आणि माशाला संशय येतो. लांब काठी व हलकी दोरी असेल तर दोरी पाण्याला लागतच नाही, केवळ कीटक तेवढा पाण्यावर राहतो. म्हणूनच लहान, खडकाळ, झुडपांनी झाकलेल्या ओढ्यांसाठी हे तंत्र उत्तम, आणि शहरातील भिंती व पुलांमध्ये कोंडलेल्या नद्या बहुधा अशाच असतात. २००९ मध्ये हे तंत्र अमेरिकेत व्यावसायिक स्वरूपात पोहोचले आणि तेथून ते युरोपातही पसरले.

ट्राउट आणि ग्रेलिंग हे इंग्लंडमधील नद्यांचे मानकरी. ग्रेलिंगच्या पाठीवर शिडासारखा मोठा पर असतो आणि त्याच्या अंगाला ‘थाइम’ या वनस्पतीचा वास येतो, अशी समजूत आहे. त्याचे शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले. दोघांनाही थंड व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. येथे भौतिकशास्त्राचा एक नियम महत्त्वाचा ठरतो: पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. दहा अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर तोच साडेसातवर येतो. सह्याद्रीत ट्राउट नाही, त्याचे एक मोठे कारण हेच. ब्रिटिशांनी तो काश्मीर आणि निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला. आपल्याकडे तसे पाणी नाही.

आता लंडनच्या दक्षिणेकडील वँडल नदीचे उदाहरण घेऊ. लांबी जेमतेम चौदा किलोमीटर, म्हणजे मिठीपेक्षाही कमी. या एवढ्याशा नदीच्या काठी एके काळी डझनावारी गिरण्या होत्या. त्यांत कापडाची छपाई करणाऱ्याही होत्या. नक्षीदार कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम मॉरिस यांनी १८८१ मध्ये आपला कारखाना येथेच, मर्टन अ‍ॅबी येथे आणला. परळ-लालबागच्या माणसाला गिरण्या, रंगाचे सांडपाणी आणि कामगारांची वस्ती हे त्रिकूट समजावून सांगण्याची गरज नाही. गिरण्यांमागोमाग शहर वाढले, मैला वाढला आणि १९६०च्या दशकात वँडलला अधिकृतपणे उघडे गटार ठरवण्यात आले. ज्या नदीत अ‍ॅडमिरल नेल्सन ट्राउट पकडीत असे, त्या नदीतून ट्राउट नाहीसा झाला.

तो परत आला तो आपोआप नव्हे. सांडपाणी शुद्धीकरण सुधारले, जुन्या गिरण्यांच्या बांधांतून माशांना वाट करून देण्यात आली, स्थानिक शाळांतील मुलांनी वर्गातील टाक्यांत ट्राउटची अंडी उबवून पिले नदीत सोडली. मध्ये एक तडाखाही बसला. सप्टेंबर २००७ मध्ये एका शुद्धीकरण केंद्रातून निर्जंतुकीकरणाचे रसायन नदीत गेले आणि काही तासांत हजारो मासे मेले. वर्षानुवर्षांचे काम एका चुकीने वाया जाऊ शकते, हे तेव्हा दिसले. काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले, आणि ते केले गेले.

पोलादाचे शहर असलेल्या शेफील्डमधील डॉन नदीची कथा याहून चमत्कारिक आहे. तिच्या काठी रानटी अंजिराची झाडे आहेत. मैल्यातून आलेली अंजिराची बीजे, आणि भट्ट्या थंड करून नदीत परत सोडलेल्या पाण्याची ऊब, यांतून ती रुजली. आज त्याच नदीत, शहराच्या ऐन वस्तीत, ट्राउट व ग्रेलिंग आहेत आणि तेनकाराची काठी घेऊन पुलाखाली उभी राहणारी माणसेही आहेत. अशा नद्यांवर थिओ पाइक यांनी २०१२ मध्ये एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ ‘घाणेरड्या जागांतील ट्राउट’ असा होतो.

या छंदिष्टांपैकी बहुतेक जण पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडून देतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवार पाळणाऱ्या गिरगावकराला हा प्रकार वेडेपणाचाच वाटेल, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. परंतु या वेडाचा नदीला एक उपयोग झाला. कृत्रिम कीटक बांधणाऱ्याला खरे कीटक ओळखावेच लागतात. ब्रिटनमध्ये २००७ पासून गळकऱ्यांनीच नदीतील कीटकांची नियमित मोजणी सुरू केली. महिन्यातून एकदा तळाचा गाळ व दगड हलवायचे, जाळीत आलेल्या अळ्या आठ गटांत वेगळ्या करून मोजायच्या, आणि संख्या ठरावीक पातळीखाली गेली की सरकारी यंत्रणेला कळवायचे. यामागील तर्क बिनतोड आहे. पाण्याचा नमुना बाटलीत घेतला तर तो त्या क्षणाची स्थिती सांगतो. रात्री सोडलेले रसायन सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. अळी मात्र त्याच दगडाखाली कित्येक महिने राहते. ती मेली असेल तर मधल्या काळात काहीतरी घडले, एवढे निश्चित.

मुंबईच्या मध्यभागी नदी नाही, हे अर्धसत्य आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडीतून भरतीचे पाणी भायखळ्यापर्यंत आत येत असे. ‘पायधुणी’ या नावात, तेथे पाय धुऊन पुढे जावे लागे, ही आठवण शिल्लक असल्याचे सांगितले जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबी यांच्या काळात बांध घालून ती खिंड बुजवली गेली आणि मागची खाजणे हळूहळू जमीन झाली. पुढे गिरण्या उभ्या राहिल्या त्या याच पट्ट्याच्या आसपास. पावसाळ्यात हिंदमाताजवळ पाणी साचले की त्यामागे हा इतिहासही असतो.

उरली ती मिठी. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर. तिच्या मुखाशी माहीमचा आणि धारावीचा कोळीवाडा. धारावीच्या कोळ्यांचा मासेमारी हा परंपरागत व्यवसाय होता. आज तेथे कोळीवाडा हे नाव आहे, पण त्या पाण्यावर पोट भरण्याची सोय राहिलेली नाही. वँडल आणि मिठी यांत एक मूलभूत फरक मात्र लक्षात घेतला पाहिजे. वँडलला खडूच्या खडकातील झऱ्यांचे थंड पाणी वर्षभर मिळते. मिठीला स्वतःचे पाणी प्रामुख्याने पावसाळ्यात, तलाव भरून वाहू लागल्यावर मिळते. उरलेले आठ महिने तिच्यात जे वाहते ते बहुतांशी शहराने सोडलेले सांडपाणी असते. त्यामुळे ‘नदी स्वच्छ करणे’ याचा येथील अर्थ गाळ काढणे इतकाच असू शकत नाही. गाळ काढल्याने पुराचे पाणी वाहून जाईल. प्राणवायू येणार नाही. आणि त्या गाळउपशाबाबतही मे २०२५ मध्ये सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला, हे येथे नमूद करणे भाग आहे.

स्नानायोग्य नदीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष असे आहेत: लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आणि जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम जैविक प्राणवायू मागणी. दुसरा आकडा म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू खातात तो. ही मागणी वाढली की माशांसाठी काहीच उरत नाही. मिठी या मर्यादेच्या कित्येक पट बाहेर आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी शहरातील सात नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली; त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४०० दशलक्ष लिटरपेक्षा अधिक आहे आणि वरळी व धारावी येथील केंद्रांचा त्यांत समावेश आहे. मिठीतील माशांचे भवितव्य कोणत्याही सुशोभीकरणापेक्षा या केंद्रांवर, आणि नाल्यांचे पाणी त्यांच्यापर्यंत वळवले जाते की नाही यावर, अधिक अवलंबून आहे.

गळ टाकणारे मुंबईत नाहीत असे मुळीच नाही. पवई तलावावर गळकऱ्यांची संघटना अनेक दशके आहे. वरळीच्या आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सायंकाळी तंगूस प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळून बसलेली माणसे दिसतात. त्यांच्या गळाला शिंगाळा लागतो, कधी तांबोशी, नशीब जोरावर असेल तर मोठा मासा. उधाणाच्या भरतीत टेट्रापॉडवर उतरणे जीवघेणे ठरू शकते, ही सूचना त्यांना वारंवार द्यावी लागते. या मंडळींना भरती-ओहोटीचे गणित तोंडपाठ असते. कोणत्या नाल्याच्या तोंडाशी मासा येईनासा झाला, हेही त्यांना सर्वांत आधी कळते. परंतु ते लिहून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही आणि विचारणारेही कोणी नाही.

माहीमच्या खाडीत आजही तग धरून असतात ते बोय. गढूळ, कमी प्राणवायूचे पाणी हा मासा बराच सहन करतो. ट्राउटची वाट आपण पाहू शकत नाही. आपला मानकरी मासा वेगळा आहे, तो म्हणजे जिताडा. पेण-अलिबागच्या पंगतीत त्याचे स्थान काय आहे, हे रायगडकरांना सांगायला नको. हा मासा खाडीच्या मुखाशी खारट पाण्यात अंडी घालतो; त्याची पिले खाडीतून वर, गोड्या पाण्याकडे सरकतात आणि वाढून पुन्हा खाली येतात. जन्मतः बहुतेक जिताडे नर असतात व मोठेपणी मादी होतात. म्हणजे या माशाला संपूर्ण वाट मोकळी लागते: समुद्र, खाडी, कांदळवन आणि नदी. मिठीच्या काठी माहीमला अजून कांदळवन आहे, समुद्र तर आहेच. वाट अडते ती माहीमच्या वर, धारावीपासून पुढे.

 मिठीत जिताडा वर चढला, तर तो प्रथम कोणा सरकारी तपासनिसाला दिसण्याची शक्यता कमीच. पुलाच्या कठड्याला टेकून, बाटलीला गुंडाळलेले तंगूस हातात धरून बसलेल्या एखाद्याच्या बोटांना तो आधी जाणवेल.